चेहरे विसरणाऱ्या चौबळबाई

डॉ. इंदुमती चौबळ यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. हे मी कौतुकाने सांगत नाही. पनवेलच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली आणि त्यातला निम्मा वेळ त्यांच्या कानाशी "हे अमुक, हे तमुक" असं पुटपुटण्यात गेला. औषधं पुरवणारा माणूस दर आठवड्याला यायचा आणि दर आठवड्याला बाई त्याला विचारायच्या, "बसा. डोळ्यांत थेंब घातले का?" एकदा बिचाऱ्याने कंटाळून खरंच थेंब घालून घेतले. मग दुपारभर त्याला स्वतःचा मोबाईल वाचता येईना.

भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांच्या घरचं लग्न होतं. बाई ठेवणीतली साडी नेसून गेल्या आणि नवऱ्या मुलीच्या आईलाच म्हणाल्या, "तुम्ही मुलाकडच्या का?" ती माउली वर्षानुवर्षं यांच्याकडून विरजण नेत होती. ती हसली, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना काही वाटलं नाही. घरी येताना म्हणाल्या, "बटव्यातून स्कोप काढून डोळ्यात बघायला हवं होतं, लगेच ओळखलं असतं."

हे त्या गंमत म्हणून बोलत नव्हत्या. डोळ्याच्या आत, अगदी मागे, एक पातळ अस्तर असतं. समोरचं सगळं त्यावर उमटतं. डॉक्टर त्याला रेटिना म्हणतात, आमचे पेशंट पडदा म्हणतात. चौबळबाई पडद्याच्या डॉक्टर. खोलीत अंधार केला, पेशंटच्या डोळ्यात उजेड टाकला आणि आतला पडदा दिसला की बाईंना तो माणूस लख्ख आठवायचा. "अरेच्चा, तुम्ही! मागे आलात तेव्हा सुनेचे दिवस भरले होते ना? मुलगा की मुलगी?" पेशंट चाट पडायचा, कारण दारातून आत येताना याच बाईंनी त्याच्याकडे अनोळखी माणसासारखं बघितलेलं असायचं.

त्यांचं म्हणणं असं, की चेहरे सगळे सारखेच, दोन डोळे आणि एक नाक. पडदे मात्र एकासारखा दुसरा नाही. रक्तवाहिन्यांची वळणं निराळी, मधल्या चकतीचा आकार निराळा, रंग निराळा. स्वतःच्या दोन डोळ्यांतसुद्धा सारखेपणा नसतो. बाई जुन्या पद्धतीने शिकलेल्या. प्रत्येक पडद्याचं रंगीत पेन्सिलींनी चित्र काढायच्या. शुद्ध रक्ताच्या वाहिन्या लाल, अशुद्ध रक्ताच्या निळ्या. पांढऱ्या कोटाच्या खिशात पेनाऐवजी पेन्सिलींची टोकं डोकावत असायची आणि कोट कायम बोटांच्या निळ्या डागांनी माखलेला. माझ्या डोळ्याला जाड भिंगाचा नंबर आहे. तशा डोळ्यात मधल्या चकतीच्या कडेला पांढुरकी कोर असते. म्हणून बाई मला कोर म्हणायच्या. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

त्यांची आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. पडद्याला लेझर देताना पेशंटने अजिबात हलायचं नसतं. हनुवटी टेकवलेली, कपाळ पट्टीला लावलेलं, तोंड बंद. साधी मान हलली तरी पंचाईत. दुसरे डॉक्टर यासाठी दरडावतात. चौबळबाई पेशंटच्या धंद्याबद्दल ठार चुकीचं बोलत बसायच्या. उरणच्या एक मासेवाल्या मावशी लेझरला बसल्या होत्या. बाई उजेड मारता मारता म्हणाल्या, "पापलेट ताजं आहे की नाही ते शेपटीवरूनच कळतं ना? शेपटी ताठ म्हणजे पापलेट ताजं." मावशींच्या घशातून "अं! अं!" असा आवाज निघाला. बाई गप्प नाहीत. "आणि बोंबील कसा, जितका जुना तितका चवीला बरा." मावशी खुर्चीत धुमसत होत्या, पण हलल्या नाहीत. बोलायची इतकी घाई झालेली असली की माणूस दुखणं विसरतो, असं बाईंचं शास्त्र. मशीन बंद झाल्या झाल्या मावशी उसळल्या, "बाय, तुमाला डाक्तरकी कोनी दिली? पापलेटाचा कल्ला बगाचा! लालभडक पायजे! शेपटी काय बगताव?" बाई मन लावून ऐकून घ्यायच्या आणि दर वेळी तेच म्हणायच्या, "अस्सं होय!" शेतकऱ्यांनी त्यांना भात कधी लावायचा ते सुनावलं, गवंड्यांनी वाळू-सिमेंटचं प्रमाण सुनावलं, आणि एका भटजींनी तर सत्यनारायण पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावला. लेझरनंतर बाईंना सुधारणं हा आमच्या दवाखान्यातला रिवाजच होऊन गेला होता.

मग मशीन आलं.

म्हणजे पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर. कॅमेरा हातात मावेल एवढा, गावोगाव नेता येईल असा. फोटो काढला की कॉम्प्युटर स्वतःच तो बघून सांगणार, की मधुमेहाने पडदा बिघडला आहे का, डॉक्टरकडे पाठवायचं की नाही. हिरवी खूण आली तर ठीक, लाल आली तर पाठवा, आणि फोटो धड नसेल तर पुन्हा काढा. मधुमेहाचं दुखणं असं, की पडदा बराच बिघडेपर्यंत माणसाला काही जाणवतच नाही. जाणवतं तेव्हा उशीर झालेला असतो. आणि पडद्याचे डॉक्टर गावागावांत कुठून आणणार? म्हणून हे मशीन.

कंपनीचा इंजिनिअर दाखवायला आला. म्हणाला, "मॅडम, याला ढिगाने फोटो दाखवून शिकवलंय."

बाईंनी विचारलं, "नापास किती वेळा झालं?"

इंजिनिअरला वाटलं बाई चिडल्या. त्या चिडल्या नव्हत्या. म्हणाल्या, "कोणत्या डोळ्यात चुकतं ते सांगा. मी नवीन डॉक्टर ठेवते तेव्हाही हेच विचारते." त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, मोतीबिंदू असेल तर गडबडतं, बाहुली फार बारीक असेल तरी गडबडतं. बाई खूष झाल्या. त्या दिवसापासून त्या मशीनला "पोरगी" म्हणायला लागल्या. पोरगी हुशार आहे, पोरगी घाबरट आहे, पोरगीला आज उन्हाचा त्रास होतोय. पण दसऱ्याला आम्ही दवाखान्यातल्या हत्यारांची पूजा केली, तेव्हा पोरगीला झेंडूची माळ घालू दिली नाही. "हिची अजून उमेदवारी आहे. वर्षभर बघू."

पहिलंच शिबिर विचुंबेला झालं. तिथे चहूकडे इमारती उठत होत्या आणि हवेत सिमेंट. देवळाच्या सभागृहाला काळे पडदे लावून मी फोटो काढत होते. पहिल्या काही जणांना हिरवी खूण आली आणि मग एकामागून एक लाल. बाहेर चुळबुळ सुरू झाली. एका आजींनी तर "आता आंधली होनार मी" म्हणून गळाच काढला. त्यांचं ऐकून सगळ्या बायका रडकुंडीला आल्या. बाई शांतपणे आत आल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो एकापुढे एक बघितले.

"कोर, एवढ्या सगळ्यांना एकाच जागी डाग? हा डाग गावाचा आहे की काचेचा?"

काचेचाच होता. लेन्सवर धूळ बसली होती आणि मी ती ओढणीने पुसून आणखी पसरवली होती. बाईंनी मला तिथेच, आजींच्या देखत, फैलावर घेतलं. मग लेन्स स्वतः खास कागदाने पुसली, आजींना पुन्हा बसवलं, हिरवी खूण आली. निघताना मी म्हटलं, मशीनने तर घोळच घातला. बाई म्हणाल्या, "का? तिने डाग आहे म्हणून सांगितलं. होताच की डाग."

त्यांच्या वयाची डॉक्टर मंडळी या मशीनवर तोंडसुख घेत. बाईंनी कधी घेतलं नाही, आणि एकदा तर त्यांची स्वतःची चूक मशीनने धरली. चिरनेरचे एक निवृत्त पोस्टमन आले होते. बाईंनी उजेड टाकून बघितलं, चित्र काढलं, "छान आहे, पुढच्या वर्षी या" म्हणून निरोप दिला. मी सवयीने फोटो काढून ठेवला होता. लाल खूण. बाई म्हणाल्या, "घाबरट आहे." चहा घेतला, परत आल्या, फोटो मोठा करून बघितला. मग मला नंबर लावून द्यायला सांगितला आणि फोनवर म्हणाल्या, "मी डॉक्टर चौबळ. माझी चूक झाली. तुमच्या नजरेच्या मधल्या भागाशी सूज येतेय. मला दिसली नाही, मशीनला दिसली. उद्या या, उशीर करू नका." इंजेक्शनं वेळेवर सुरू झाली, पोस्टमनकाकांची नजर टिकली. त्यांनी मात्र ही हकिकत घरोघर पोचवली. चिरनेरचे लोक पुढे कितीतरी दिवस दवाखान्यात येऊन सांगायचे, "आमाला बाय नको, मशीनलाच दाखवाचा हाय." बाई हसून बाजूला व्हायच्या. त्या दसऱ्याला पोरगीला माळ मिळाली, ती बाईंनी स्वतःच्या हातांनी घातली.

आता गव्हाणची गोष्ट.

उरण रोडवरच्या एका कंटेनर यार्डाने आपल्या ड्रायव्हरांच्या डोळ्यांची तपासणी आमच्याकडे दिली. यार्डातल्याच एका बंद खोलीत मी फोटो काढले. एकजण येणार, ओळखपत्र दाखवणार, हनुवटी टेकवणार, फोटो, पुढचा. सगळ्यांचा गणवेश एक, डोक्यावर टोपी एक. ज्यांना लाल खूण आली तेवढेच फोटो बाईंनी बघायचे असं ठरलेलं होतं. पण बाई हिरवे फोटोसुद्धा बघायच्या, चहात खारी बुडवून, दुसरं कोणी पेपर वाचेल तसे. "पोरगी पास करतेय त्यांचीही ओळख हवी," म्हणायच्या.

एका फोटोशी खारीचा तुकडा चहात पडला.

"कोर, हा ड्रायव्हर नाही. हा गव्हाणचा नारळवाला आहे."

मी बघितलं. फोटोवर नाव होतं काशिनाथ घरत, ट्रेलर ड्रायव्हर. पडदा निरोगी, फक्त चकतीच्या बाजूला पांढरं, पिसासारखं काहीतरी. काही जणांच्या डोळ्यात जन्मतःच असतं, त्याने काही बिघडत नाही. पण ते पीस बाई कसं विसरतील? गव्हाणच्या शिबिरात एका माणसाने सगळ्यांना शहाळी फोडून दिली होती, त्याच्या डोळ्यात ते होतं. मी कॉम्प्युटरमध्ये गव्हाणचे फोटो काढले. सापडला. जनार्दन घरत. तेच पीस, तीच वळणं, तोच डोळा. एक डोळा आणि दोन माणसं.

"पोरगीचं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "डोळा चांगला आहे का, एवढंच तिला विचारलं होतं. कोणाचा आहे ते कोणी विचारलं नाही." मग खारीचा भिजलेला तुकडा चमच्याने काढत म्हणाल्या, "आडनाव एक, म्हणजे भाऊच असणार. ज्याने भावाला स्वतःच्या जागी बसवलं, त्याला स्वतःच्या डोळ्याबद्दल काहीतरी माहीत आहे. त्याला बघायला हवं."

यार्डाचा मॅनेजर अहवालासाठी फोनवर फोन करत होता. बाईंनी बाकी सगळ्यांचा देऊन टाकला. काशिनाथ घरतच्या पुढे लिहिलं, पुन्हा तपासणी आवश्यक. आणि रविवारी मला घेऊन गव्हाणला गेल्या.

घरत मंडळींचं घर नवं, तीन मजली, वर जिन्याला स्टीलचा कठडा. ओटीवर दोघं भाऊ बसले होते. इतके सारखे, की मीच बुचकळ्यात पडले. बाईंना प्रश्नच नव्हता, त्यांना दोघंही अनोळखी. त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्यापैकी यार्डात फोटोला बसलं कोण?"

आतून काशिनाथची बायको पाणी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. शेवटी थोरला जनार्दन म्हणाला, "मी बसलो, बाय. तेची चूक नाय. मीच बोललो, एकाच आयशीच्या पोटचे आपुन, तोंडा सारखी, तं डोला वायला कसा असंल? मशीनला काय कललं?"

"मशीनला नाही कळलं," बाई म्हणाल्या. "मला कळलं. तुझ्या डोळ्यात पांढरं पीस आहे."

जनार्दनने नकळत डोळ्याला हात लावला. काशिनाथ एवढा वेळ जमिनीकडे बघत होता. म्हणाला, "मना कवापासून काले धागे दिसतात. तरंगतात समोर. पर गाडी चालवताना तरास नाय. बाय, मी अठरा चाकांचा ट्रेलर मागं घेतो, एका हातानं. बंदरात मना इचारा कोनालाबी. स्टेरिंग सुटला तं मी कोन?"

बाईंनी ओटीची दारं लावून घेतली, थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत सगळ्यांनी चहा प्यायला. मी फोटो काढला. लाल खूण लगेच आली, पण ती कोणी बघितलीच नाही, कारण फोटोच पुरेसा होता. बाईंनी दोन्ही भावांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून काशिनाथला दाखवले. त्याच्या पडद्यावर जागोजाग रक्ताचे ठिपके होते आणि चकतीजवळ बारीक नव्या वाहिन्यांचं जाळं फुटलं होतं.

"या वाहिन्या कच्च्या असतात. कधीही फुटतात. फुटल्या की डोळ्यात रक्त आणि समोर काळोख. ते स्वयंपाकघरात होईल की उरण रोडवर, ते मला सांगता येत नाही. लेझर केलं तर नजर वाचेल, याची मला बरीच आशा आहे. सोमवारी ये. यार्डाला मी तुझ्या डोळ्याचं खरं तेच लिहीन. बरा होईपर्यंत गाडी नाही."

"आनि ह्यो बसला व्हता ते?" बायकोने दारातून जनार्दनकडे बघत विचारलं.

"यार्डाने मला डोळ्याबद्दल विचारलंय."

काशिनाथ उठून आत निघून गेला. परतीच्या वाटेवर बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला म्हणाल्या, "नाही आला तर?" बाईंना मी इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. मला त्यांची फार दया आली, आणि माझीही, कारण गाडी मी चालवत होते आणि मला रडू येत होतं.

सोमवारी सकाळी तो आला नाही. दुपारीही नाही. बाईंनी जेवणाचा डबा उघडला नाही, लेझरची खोली तयार ठेवली. दवाखाना बंद करायच्या वेळेला रिक्षा थांबली. पुढे बायको, मागे काशिनाथ, त्याच्या मागे वाट अडवल्यासारखा जनार्दन.

बाईंनी त्याला बसवलं, उजेड सुरू केला आणि आपलं नेहमीचं काढलं. "ट्रेलर डावीकडे मागे घ्यायचा म्हणजे स्टेअरिंगही डावीकडेच फिरवायचं ना? सोपं आहे. मलासुद्धा जमेल."

मी कोपऱ्यात उभी होते. एरवी इथे घशातून आवाज यायचा. काशिनाथ दगडासारखा बसून राहिला. बाई बोलत राहिल्या, "कंटेनर भरलेला असला की ब्रेक उशिरा दाबायचा." काही नाही. लेझर संपलं. तो उठला, डोळ्याला रुमाल लावला आणि एक शब्द न बोलता बाहेर गेला.

बाई हातमोजे काढत किती तरी वेळ तिथेच बसून राहिल्या. "आज मला कोणी सुधारलं नाही," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या खेपांनाही तसंच. तो यायचा, बसायचा, जायचा. यार्डाने त्याला गाडीवरून उतरवलं होतं. उपचार पुरे झाले आणि मग तो पुढच्या तपासण्यांना यायचा थांबला. बाकी पेशंट असे थांबतात तेव्हा बाई फोन करायला लावतात. याच्या घरी तीन-चारदा फोन झाला, बायको "येनार हायत" म्हणायची, तो यायचा नाही. बाई अधूनमधून विचारायच्या, "कोर, तो गव्हाणचा आला का गं?" नाव नाही, चेहरा नाही, गव्हाणचा. त्याचा डोळा वाचला की नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्याने आपल्याला माफ केलं की नाही हेही असावं, पण ते त्या बोलल्या नाहीत.

मग बाईंनी काम सोडायचं ठरवलं. हात कापायला लागला होता आणि कापऱ्या हाताने लेझर देता येत नाही, हे त्यांनी आमच्या आधी ओळखलं. मुलीकडे नागपूरला जायचं ठरलं. दवाखान्यात निरोप समारंभ झाला, त्यात त्यांनी अध्यक्षांना "तुमचा नंबर कितवा?" असं विचारलं, ते सगळं झालं. जायच्या आधीच्या रविवारी मला म्हणाल्या, "नागपूरला बोंबील कुठले मिळायला. चल बाजारात." बाई सीकेपी. मासळीच्या बाबतीत त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. शेपटीवरून पापलेट ओळखणाऱ्या बाई कल्ला उघडून बघितल्याशिवाय पैसे काढत नसत.

आम्ही ताडपत्रीखाली एका मासेवालीच्या पाटीपुढे उभ्या होतो. एक माणूस समोर येऊन थांबला. हातात पिशवी, चष्मा, केस कडेने पांढरे. मी लगेच ओळखलं. बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "थेंब घातले का?"

तो हसला नाही. चष्मा काढून खिशात ठेवला आणि उंच माणूस बाईंच्या तोंडासमोर वाकला. बोटाने वरची पापणी उचलून धरली.

"बगा, बाय."

बाईंनी बटवा उघडला. त्यात लिमलेटच्या गोळ्या, रुमाल, किल्ल्या आणि तळाशी स्कोप. तो त्या दिवशीही होता. गालाला गाल लागेल इतक्या जवळ जाऊन त्या त्याच्या डोळ्यात बघायला लागल्या. मागे लोकांची रांग खोळंबली. मासेवाली ओरडली, "ओ बाय, बोंबील घेताव का मानसाचा डोला घेताव?"

"जरा थांब गं. बाहुली बारीक आहे... वर बघ. डावीकडे. नाकाकडे." मग बाईंचा आवाज बदलला. "हे माझे ठसे आहेत. लेझरचे. कोरडे आहेत सगळे. नवीन वाहिनी एकही दिसत नाही." त्यांनी दुसरा डोळाही बघितला. मग स्कोप खाली घेतला. त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते आणि ते पुसायची त्यांना आठवण नव्हती. "गव्हाणचा घरत. दिसतंय ना तुला?"

"दिसताय, बाय. सगला दिसताय."

"काय करतोस आता?"

"यार्डातच हाय. नवीन पोरांना शिकवतो. ट्रेलर मागं घ्याला." तो थांबला. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बाय, एक सांगाचा राहिला व्हता. डावीकडं मागं घ्याचा तं स्टेरिंग उजवीकडं माराचा. रोज पोरांना ह्येच सांगतो. डावीकडं मारलाव तं ट्रेलर भलतीकडं जाल. आनि भरलेल्या गाडीला बिरेक उशिरा कोन दाबतो? मरनार हाव का?"

बाईंनी मन लावून ऐकून घेतलं.

"अस्सं होय!" म्हणाल्या, आणि बोंबलांकडे वळल्या.